६,००० रुपयांच्या आत गेमिंगसाठी मॅग्नेटिक स्विचचा कीबोर्ड घ्यावा का? घेताना नेमकं काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की बजेट ६,००० रुपये आहे, खेळ मुख्यतः व्हॅलोरंट आणि अधूनमधून सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २), त्याच कीबोर्डवर कॉलेजचे रिपोर्ट आणि थोडं मराठी टायपिंगही करायचं आहे, आणि जमलं तर वायरलेस हवा. मित्र म्हणतात की स्वस्तातला मॅग्नेटिक घेऊ नकोस, पैसे वाया जातील. माझं मत उलटं आहे. घ्या. या पैशांत आज कामाचा मॅग्नेटिक कीबोर्ड मिळतो. फक्त खोक्यावरचे आकडे बघून निवडू नका, कारण या किमतीत सगळ्यांचे आकडे जवळपास सारखेच असतात. फरक असतो तो सेन्सर किती स्थिर आहे आणि सॉफ्टवेअर किती नीट लिहिलंय यात, आणि या दोन्ही गोष्टी खोक्यावर छापलेल्या नसतात.

आधी थोडं आत डोकावू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. साध्या मेकॅनिकल स्विचमध्ये धातूचे दोन पत्रे असतात. ते एकमेकांना टेकले की बटण दाबलं गेलं, सुटले की सोडलं गेलं. मॅग्नेटिकमध्ये बटणाच्या दांड्यात छोटं चुंबक असतं आणि खाली सर्किट बोर्डवर हॉल सेन्सर. चुंबक जसजसं खाली येतं तसतसा सेन्सरमधला व्होल्टेज बदलतो आणि बटण किती मिलिमीटर खाली आलंय हे कीबोर्डला सतत कळत राहतं. दिव्याचं बटण आणि पंख्याचा रेग्युलेटर यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. चुंबकामुळे व्होल्टेज बदलण्याचा हा परिणाम, म्हणजे ‘हॉल इफेक्ट’, एडविन हॉलने १८७९ मध्ये दाखवला आणि हनीवेलचे हॉल सेन्सरवाले कीबोर्ड १९६० च्या दशकाच्या शेवटीच आले होते, त्यामुळे तंत्र काही नवं नाही. गेमिंगमध्ये त्याचं सोनं झालं ते वूटिंग या डच कंपनीने रॅपिड ट्रिगर आणल्यापासून. त्यांचा ६०एचई महाग, तुमच्या बजेटच्या बाहेरचा. पण त्याच्या मागोमाग चिनी कंपन्या उतरल्या आणि किमती धडाधड खाली आल्या.

आता रॅपिड ट्रिगर म्हणजे काय ते एकाच बटणावर बघू. व्हॅलोरंटमध्ये तुम्ही भिंतीच्या कडेने डावीकडे सरकताय, ए दाबलेलं आहे, समोर शत्रू दिसला. गोळी सरळ जायची तर आधी पाय थांबले पाहिजेत. चेरी एमएक्स रेडसारख्या स्विचमध्ये बटण ४ मिलिमीटर खाली जातं आणि २ मिलिमीटरच्या आसपास लागू होतं. तुम्ही ते तळाला टेकवून धरलेलं असतं. म्हणजे बोट उचललं तरी बटण निम्मं वर येईपर्यंत संगणकाच्या लेखी ते दाबलेलंच आहे, आणि तुमचा एजंट, म्हणजे खेळातलं पात्र, चालतोच आहे. शिवाय धातूचे पत्रे सुटताना थरथरतात, ती थरथर मोजली जाऊ नये म्हणून फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर, आणखी काही मिलिसेकंद थांबतं. रॅपिड ट्रिगरमध्ये हे सगळं गळून पडतं. बटण खालून ०.२ मिलिमीटर वर आलं की ‘सोडलं’, पुन्हा तितकंच खाली गेलं की ‘दाबलं’, मग ते मधे कुठेही असो. सीएस२ मध्ये तर याचा उपयोग दुहेरी आहे, कारण तिथे थांबायला उलट दिशेचं बटण टिचकवावं लागतं आणि ए सुटून डी लागायच्या मधला वेळ कमी होतो. पहिल्या दिवशी हे विचित्र वाटतं. बोट जरा सैल पडलं की चालणं तुटतं. मग हात जुळतो, आणि नंतर जुन्या कीबोर्डवर बसलं की पात्र पायात काहीतरी बांधल्यासारखं वाटायला लागतं.

यामुळे रँक वाढेल का? निशाणा सुधारणार नाही. थांबणं सुधारेल, आणि ज्यांचा निशाणा बरा आहे पण गोळ्या उगाच फाकतात त्यांना त्याचा खरोखर फायदा होतो.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी दोन आकड्यांवर फार पैसे मागितले जातात. एक ‘०.०१ मिलिमीटर अचूकता’ आणि दुसरा ‘८००० हर्ट्झ पोलिंग’. दुसऱ्याचं गणित सरळ आहे. १००० हर्ट्झ म्हणजे कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला संगणकाशी बोलतो, ८००० हर्ट्झ म्हणजे दर ०.१२५ मिलिसेकंदाला. जास्तीत जास्त फरक ०.८७५ मिलिसेकंदाचा. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एक चित्र १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहतं, १४४ हर्ट्झचा असेल तर जवळपास ७. शिवाय पोलिंग ८००० असलं तरी आतलं स्कॅनिंग, म्हणजे कीबोर्ड आपल्याच बटणांची चौकशी किती वेळा करतो, ते संथ असेल तर तो आकडा नुसता शोभेचा. जुन्या प्रोसेसरवर ८००० हर्ट्झमुळे खेळ अडखळूही शकतो. आहे म्हणून नको म्हणू नका, पण त्यासाठी हजार रुपये जास्त मोजू नका. मॉनिटर अजून ६० हर्ट्झचाच असेल तर माझा प्रामाणिक सल्ला असा की आधी मॉनिटरसाठी पैसे साठवा, तो फरक डोळ्यांना रोज दिसेल.

०.०१ ची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण स्वस्त कीबोर्ड घसरतात ते इथेच. सेन्सरचा आकडा कधीच ठाम नसतो, तो थोडा हलत राहतो. चांगल्या बोर्डवर ही हालचाल इतकी बारीक असते की जाणवत नाही. माझ्या धाकट्या भावाने स्वस्तातला एक मॅग्नेटिक घेतला तेव्हा आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बटणाच्या खोलीची पट्टी उघडून बसलो होतो. डब्ल्यू अर्ध्यावर दाबून हात टेबलाला टेकवून स्थिर धरला तरी पट्टीचं टोक वरखाली लुकलुकत होतं, आकडा १.८० वरून १.८६, मग १.७९. शेजारचं ई मात्र शांत. म्हणजे त्या एकाच बटणाला ०.०५ ची सेटिंग दिली तर बोट न हलवताही ते सुटणार आणि पुन्हा लागणार. खेळात हे असं दिसतं की पुढे चालता चालता पात्र मधेच गचका खातं. तेच बटण ०.२ वर ठेवलं, कॅलिब्रेशन (बटण पूर्ण वर आणि पूर्ण खाली कुठे असतं हे कीबोर्डला शिकवणं) पुन्हा केलं, आणि तक्रार संपली. त्यामुळे स्वस्त बोर्डवर ०.१५ ते ०.२५ ही रॅपिड ट्रिगरची सेटिंग मी योग्य धरते. त्याखाली जाऊन हाताला काही मिळत नाही.

म्हणूनच परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि त्या मुदतीत कीबोर्ड नीट तपासा. प्रत्येक बटण सावकाश खाली नेऊन वर आणा, पट्टी सलग सरकते की उड्या मारते ते बघा. बटणाच्या कडेला बोट टेकवून ते डावी-उजवीकडे ढकला. दांडा हलला की चुंबक तिरकं होतं आणि न दाबता बटण लागू शकतं. मग दोन-तीन तास खेळून झाल्यावर पुन्हा तीच तपासणी करा, कारण बोर्ड गरम झाल्यावर काही सेन्सरचे आकडे सरकतात. स्पेसबार आणि शिफ्ट विशेष बघा. लांब बटणं एका टोकाला दाबली तर मधलं चुंबक कमी खाली जातं. ही तपासणी करताना मॅग्नेटवाली फोनची केस किंवा मोठा स्पीकर कीबोर्डला चिकटून ठेवू नका, बाहेरच्या चुंबकानेही सेन्सर गोंधळतो.

सॉफ्टवेअरबद्दल. आजकाल बऱ्याच कीबोर्डची सेटिंग ब्राउझरमधूनच होते. ही पद्धत क्रोम आणि एजवर चालते, फायरफॉक्स आणि सफारीवर नाही. मला हीच पद्धत आवडते, कारण काही इन्स्टॉल करावं लागत नाही. ज्या विक्रेत्याने ड्रायव्हरसाठी कुठल्यातरी ड्राइव्हची लिंक देऊन ‘अँटिव्हायरस बंद करून चालवा’ असं लिहिलंय, तो कीबोर्ड कितीही स्वस्त असला तरी मी घेणार नाही. ज्या संगणकावर तुमचं यूपीआय आणि कॉलेजचं लॉगिन आहे, तिथे असला प्रयोग कशाला? घेण्यापूर्वी कंपनीच्या साइटवर जाऊन सेटिंगचं पान उघडून बघा. भाषा इंग्रजी आहे ना, फर्मवेअरचे अपडेट येतात का, हे पाच मिनिटांत कळतं. सेटिंग कीबोर्डच्याच मेमरीत साठते याचीही खात्री करा, म्हणजे मित्राकडे किंवा गेमिंग कॅफेत नेला तरी तशीच राहील.

आता नावं. तुमच्या बजेटच्या आसपास औलाचे विन ६० एचई आणि विन ६८ एचई हे बघण्यासारखे आहेत. थोडे पैसे वाढवता आले तर मॉन्सगीक बघा, तो अॅकोचाच भाऊबंद ब्रँड आहे. ड्रंकडीअरचा ए७५ हा स्वस्त मॅग्नेटिक कीबोर्डांच्या पहिल्या लाटेतला, कुणी चांगल्या स्थितीतला सेकंडहँड विकत असेल तर विचार करा. अमेरिकन यूट्यूबर जे ‘फक्त ४० डॉलर’ म्हणून सांगतात ते बहुतेक अलीएक्सप्रेसचे भाव असतात आणि ती साइट भारतात २०२० पासून बंद आहे. परदेशातून मागवलं तर कस्टम ड्युटी आणि कर धरून किंमत कुठल्या कुठे जाते आणि वॉरंटीसाठी दाद कुणाकडे मागायची हाही प्रश्न. अॅमेझॉन-फ्लिपकार्टवरचा विक्रेता तपासून घ्या, किंवा मेकीज, स्टॅक्सकेबी अशा कीबोर्डच्याच भारतीय दुकानांकडे बघा. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर बिल घेतल्याशिवाय निघू नका, आणि दुकानदाराने ‘मेकॅनिकलच आहे, पण तसाच फास्ट’ असं सांगितलं तर नम्रपणे नको म्हणा. लिस्टिंगमध्ये ‘हॉल इफेक्ट’ आणि ‘रॅपिड ट्रिगर’ हे दोन्ही शब्द स्पष्ट असले पाहिजेत. ‘मॅग्नेटिक’ एवढंच लिहिलेलं असेल तर ते चुंबकाने चिकटणाऱ्या रिस्ट रेस्टबद्दलही असू शकतं.

स्विच काढून बदलता येतात म्हणून खूश होऊ नका. मॅग्नेटिक बोर्डात साधे मेकॅनिकल स्विच बहुधा चालत नाहीत, आणि दुसऱ्या कंपनीच्या मॅग्नेटिक स्विचमध्ये चुंबकाचा ध्रुव उलटा असेल तर बटण काही नोंदवतच नाही. कंपनीने सुसंगत म्हणून नाव दिलेलेच स्विच घ्या.

आकार मी तुम्हाला ६८ बटणांचा सुचवेन. ६० टक्केवाल्यात, म्हणजे साधारण ६० बटणांच्या कीबोर्डात, बाणाची बटणं नसतात, आणि रिपोर्ट लिहिताना, तक्ते भरताना ती दर मिनिटाला लागतात. माऊससाठी जागा दोन्हीत भरपूर राहते.

मराठी टायपिंगचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण यात एक गोष्ट नक्की अडते. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत टाइप करत असाल तर डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांवर अनुक्रमे ै, ो, े आणि हलन्त ही चिन्हं येतात. खेळासाठी नेमकी हीच चार बटणं तुम्ही सगळ्यात हलकी ठेवणार. इतक्या हलक्या बटणांवर बोटं विसावली की प्रत्येक अक्षराला भलत्याच मात्रा चिकटतात आणि जोडाक्षरं नको तिथे होतात. उपाय सोपा आहे, दोन प्रोफाइल करा. खेळाचं : ही चार बटणं ०.५ ते ०.८ वर लागू, रॅपिड ट्रिगर ०.२, बाकीची १.२ च्या पुढे, म्हणजे अल्टिमेट (पात्राची सगळ्यात मोठी खास शक्ती) चुकून सुटणार नाही. टायपिंगचं : सगळी बटणं १.८ ते २.० वर, रॅपिड ट्रिगर बंद. प्रोफाइल बदलायचा शॉर्टकट बहुतेक बोर्डांवर एफएनसोबत असतो.

सीएस२ खेळता म्हणून एक सावधगिरी. या कीबोर्डांत ‘स्नॅप टॅप’ किंवा ‘एसओसीडी’ नावाची सोय असते. ए आणि डी दोन्ही दाबलेली असताना शेवटी दाबलेलं तेवढंच धरायचं, अशी. सीएस२ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर ती बंद केली आहे आणि वापरताना सापडलात तर सामन्यातून बाहेर काढलं जातं. काही बोर्डांवर ती आधीपासूनच चालू असते, म्हणून पहिल्यांदा सेटिंग उघडलं की तीच शोधून बंद करा. रॅपिड ट्रिगरला मात्र बंदी नाही, तो बिनधास्त वापरा.

राहिला वायरलेसचा प्रश्न. या बजेटमध्ये नको. प्रत्येक बटणाखालचा हॉल सेन्सर वीज खात असतो, त्यामुळे मॅग्नेटिक वायरलेसची बॅटरी साध्या वायरलेसपेक्षा लवकर उतरते. टीएमआर नावाचे कमी वीज खाणारे सेन्सर आलेत, पण ६,००० मध्ये ते आणि चांगलं सॉफ्टवेअर एकत्र मिळणं कठीण. वायरवाला घ्या, फक्त केबल कीबोर्डपासून वेगळी होणारी, यूएसबी-सीची असू द्या, म्हणजे तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी आणता येईल.