सोलापुरात वरच्या मजल्याची खोली रात्रीही तापलेली राहते, एसीशिवाय काय करता येईल?

आधी स्लॅब धरा, भिंती नंतर. पाच इंची काँक्रीट दिवसभर तापतं आणि रात्री तीच धग खाली सोडतं. गच्चीच्या भेगा बुजवा, उतार नीट करा आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवा. एवढं बजेट नसेल तर फेब्रुवारीअखेर चुन्याचे दोन हात. त्यात थोडा फेविकॉल घाला, नाहीतर चुना पायाला लागतो. धूळ बसली की पांढऱ्याचा उपयोग घटतो, म्हणून अधूनमधून गच्ची झाडा.

पश्चिमेच्या खिडकीचा छज्जा वाढवण्यात पैसे घालू नका, चारनंतरचं ऊन त्याच्याखालून आडवं येतं. बाहेरून बांबूची चिक, म्हणजे काड्यांचा पडदा, सोडा. काच तापल्यावर आतला पडदा काय करणार? कूलर असेल तर समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, नाहीतर दमट हवा कोंडते.