नव्या बास्केटबॉल कोचला: सुरुवातीला एवढंच

पोरांची बॅच हाती घेताय, छान! सध्या एवढं सांभाळा.

१. बारा वर्षांखालच्यांना ५ नंबरचा (लहान) बॉल द्या, जमल्यास रिंग २.६० मीटरवर. ३.०५ मीटरच्या रिंगपर्यंत ७ नंबरचा (मोठ्यांचा) बॉल पोचवायला पोरं तो खांद्यावरून भिरकावतात. ती सवय मग मोडता मोडत नाही.

२. नवे कोच हमखास उंच पोरांनाच खेळवतात. बाकावरचं बुटकं पोर हळूहळू यायचंच बंद होतं. त्याला नावाने हाक मारा, मॅचमध्ये उतरवा.

३. पास चुकला तर सगळ्यांदेखत ओरडू नका. बाजूला घेऊन पाय कुठे होते ते दाखवा.

ग्राउंडवर आधी तुम्ही पोचा; वक्तशीरपणा पोरं बघूनच उचलतात. परीक्षेसाठी कुणी सुट्टी मागितली तर तोंड वाकडं नको. झोन डिफेन्स (प्रत्येकाने कोर्टाचा आपापला भाग राखणं) वगैरे पुढे बघू.