स्कायडायव्हिंगच्या हेल्मेटवर ॲक्शन कॅमेरा कसा बसवावा? तो पडू नये, फुटू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की दुबईच्या डेझर्ट कॅम्पसला एएफएफ (प्रशिक्षकासोबत उडी शिकण्याचा कोर्स) करून ए लायसन्स, म्हणजे पहिला परवाना, मिळालं, ४० च्या आसपास उड्या झाल्यात, फुल-फेस हेल्मेट घेतलंय आणि आता त्यावर गोप्रो हिरो ११ बसवायचाय. डब्यात आलेला चिकटणारा माउंट पुरेल का, वरून दोरी बांधावी का आणि उतरताना कॅमेरा फुटू नये म्हणून काय करावं, हे तुमचे तीन प्रश्न. मी दक्षिण कॅलिफोर्नियात पेरिस व्हॅलीला उड्या मारते, आणि आता त्यातल्या बहुतेक कॅमेरा लावूनच असतात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण तुमचे तिन्ही प्रश्न कॅमेरा वाचवण्याचे आहेत. स्कायडायव्हिंगमध्ये आधी पॅराशूटला कॅमेऱ्यापासून वाचवावं लागतं आणि मग कॅमेऱ्याला वाऱ्यापासून. हा क्रम उलटा झाला की माउंट चुकतो.

सगळ्यात आधी, ४० उड्यांवर कॅमेरा लावू नका. अमेरिकेची पॅराशूट संघटना, यूएसपीए, किमान २०० उड्या झाल्यावरच कॅमेरा घ्या असं सांगते. त्यांच्या सी लायसन्सलाही तेवढ्याच उड्या लागतात. शिवाय ज्या रिगवर (पाठीवरच्या पॅराशूटच्या संचावर) कॅमेरा घेऊन उडणार, त्याच रिगवर अलीकडच्या ५० उड्या हव्यात अशीही शिफारस आहे. ‘छोटासा तर कॅमेरा आहे, बटण दाबून विसरून जाईन’ असं प्रत्येकाला वाटतं. पण १३,००० फुटांवरून निघालात तर पॅराशूट उघडेपर्यंत हातात जेमतेम मिनिटभर असतं आणि दर साडेपाच सेकंदांना हजार फूट जातात. त्यात डोक्यात कुठे तरी ‘मित्र फ्रेममध्ये आहे का’ हा विचार सुरू झाला की अल्टिमीटरकडे (उंची दाखवणाऱ्या यंत्राकडे) बघणं एकदा तरी राहतं. १९८८ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात एक अनुभवी कॅमेरामन दुसऱ्यांची उडी टिपायला विमानाबाहेर पडला, तेव्हा त्याच्या पाठीवर पॅराशूटच नव्हतं. चित्रीकरणाचं सामान अंगावर होतं, चित्रीकरण नीट सुरू होतं. अनुभवी माणसाचं लक्ष कॅमेरा इतकं खाऊ शकतो, तर ४० उड्यांवर काय होईल याचा शांतपणे विचार करा. तोवर ड्रॉपझोनवरच्या (उड्यांच्या मैदानावरच्या) कॅमेरा फ्लायरला सोबत घ्या. त्याच्या व्हिडिओत तुमची पोझिशन दिसेल, ती तुमच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात कधीच दिसणार नाही, आणि आत्ता शिकायला तीच उपयोगी आहे.

आता माउंट. हे आजच समजून घ्या, म्हणजे हेल्मेटला उगाच काही चिकटवून बसणार नाही.

पायलट शूट (मुख्य पॅराशूट ओढून काढणारं छोटं पॅराशूट) फेकला की तो वाऱ्यात फुगतो, त्याची दोरी म्हणजे ब्रायडल ताणली जाते, पाठीवरचा कप्पा बंद ठेवणारी पिन निघते, पॅराशूटची बॅग उचलली जाते आणि लाइन्स, म्हणजे पॅराशूटच्या दोऱ्या, एकेक करून सुटत वर जातात. तुम्ही पोटावर स्थिर असाल तर हे सगळं पाठीमागून, डोक्यापासून लांब घडतं. पण अंग वळलं, एक खांदा खाली गेला किंवा गडबडीत अस्थिर असताना पायलट शूट टाकला, तर ब्रायडल किंवा लाइन चेहऱ्याजवळून जाऊ शकते. त्या क्षणी हेल्मेटवर एखादा कोपरा, स्क्रू किंवा फट असेल तर लाइन तिथे अडकते. गच्चीवरच्या अँटेनाला मांजा अडकतो तशीच. फरक एवढाच की इथे मांजाच्या एका टोकाला उघडणारं पॅराशूट असतं आणि दुसऱ्या टोकाला तुमची मान.

म्हणून माउंट बघताना पहिला प्रश्न ‘घट्ट बसलाय का’ हा नको, ‘याला दोरी अडकेल का’ हा हवा. डब्यातला नेहमीचा माउंट या परीक्षेत नापास होतो. त्याची बकल, तिच्यावर दोन-तीन बोटांचा सांधा, सांध्यातून आडवा जाणारा लांब स्क्रू, त्याचं फुलासारखं डोकं आणि या सगळ्यावर उंच उभा कॅमेरा. कॅमेरा आणि हेल्मेटचं कवच यांच्यामध्ये बोटभर मोकळी जागा राहते आणि लाइनला घुसायला तेवढी पुष्कळ झाली. सायकलला, स्कीइंगला हा माउंट उत्तम. उडीसाठी कवचाला टेकून बसणारा, कडा उतरत्या असलेला माउंट घ्या. कुकी, टॉनफ्लाय, बोनहेड या कंपन्यांच्या हेल्मेटना त्या-त्या मॉडेलसाठी बनवलेले माउंट मिळतात. महाग वाटतात, पण पैसे वाचवायची ही जागा नाही.

तपासायची एक सोपी पद्धत आहे. पॅराशूटच्या लाइनएवढी जाड नायलॉनची दोरी घ्या, रिगरकडे (पॅराशूट दुरुस्त करणाऱ्याकडे) जुन्या लाइनचा तुकडा मिळाला तर सर्वांत चांगलं. हेल्मेट घाला, कॅमेरा बसवा आणि मित्राला ती दोरी दोन्ही हातांत ताणून हेल्मेटवरून ओढायला सांगा. पुढून मागे, मागून पुढे, हनुवटीखालून वर, तिरकी, सगळ्या बाजूंनी. मी कधीही नवा माउंट लावला की हे करते, आणि दोरी नेमकी कुठे थांबते ते बघण्यासारखं असतं. बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या मोठ्या कडेला ती अडकतच नाही, घसरून जाते. अडकते ती माउंटच्या मागच्या कडेखाली, जिथे कवचाची गोलाई आणि माउंटचा सपाट तळ यांच्यात नखाएवढी फट असते. दोरी आधी तिथे टेकते, थोडी दबते आणि टक् करून आत जाते. मग कितीही ओढा, मान सोबत येते. अशी प्रत्येक फट भरायची. त्यासाठी गॅफर टेप, इपॉक्सी पुटी किंवा त्या मापाचा थ्रीडी प्रिंट केलेला तुकडा चालतो. स्क्रूच्या डोक्यावर टेप लावायची. दोरी चारही बाजूंनी न थांबता घसरली की मगच तो माउंट विमानात न्यायच्या लायकीचा.

जागा कोणती? डोक्यावर लावलात तर दृश्य मोकळं मिळतं, पण लाइनला सापडायला तीच सर्वांत उघडी जागा आणि मानेवर तरफही मोठी. बाजूला लावलात तर एका बाजूला वजन येतं, शिवाय उघडताना रायझर (खांद्यांपासून लाइन्सपर्यंतचे पट्टे) कानाजवळून वर जातात ते घासू शकतात आणि विमानाच्या दाराला आपटायची शक्यताही तिथेच जास्त. हनुवटीवरचा कॅमेरा तुम्ही बघाल तिकडेच बघतो, वजन समोर राहतं. पण मान खाली घातल्यावर कटअवे (बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देणं) आणि रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) यांची हँडल झाकली जाऊ शकतात. रिग घालून, हेल्मेट लावून आरशासमोर नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांनी खाली बघा: दोन्ही हँडल दिसली नाहीत तर ती जागा बाद. मला स्वतःला पहिल्या कॅमेऱ्यासाठी हनुवटीची जागा आवडते, अर्थात हँडल दिसत असतील तरच.

चिकटवायचाच असेल तर आधी कवचाची गोलाई आणि माउंटची गोलाई जुळवा. सपाट माउंट गोल कवचावर दाबून बसवला की त्याच्या कडा दोन-चार दिवसांत उचलायला लागतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसा, खोलीच्या तापमानाला चिकटवा, नीट दाबा आणि किमान २४ तास कॅमेरा लावू नका. खरखरीत किंवा मॅट रंगावर चिकटपट्टीचा भरवसा धरू नका. आणि हेल्मेटला घरी ड्रिलने भोक पाडू नका. कंपनीने स्क्रूसाठी जागा दिली असेल तिथेच स्क्रू. बकलवाला माउंट असेल तर घोड्याच्या नालेच्या आकाराचा छोटा रबरी तुकडा मिळतो, तो बकलच्या मागे बसवा. त्याने बकल दाबून सुटत नाही आणि थरथरही कमी होते.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा अंदाज असावा म्हणून सांगते. पोटावर पडताना वेग ताशी १९० ते २०० किलोमीटर असतो. गोप्रोची समोरची बाजू साधारण ७ बाय ५ सेंटिमीटरची. एवढ्याशा तुकड्यावर अर्ध्या किलोच्या वर रेटा मिनिटभर सतत असतो. पुढे कधी डोकं खाली करून फ्रीफ्लाय शिकलात, वेग २७० वर गेला, तर तो जवळपास दुप्पट होतो. कॅमेऱ्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, पण पॅराशूट उघडण्याच्या झटक्यात ते कित्येक पटींनी जाणवतं. हेल्मेट सैल असेल तर कॅमेरा त्याला फिरवतो. म्हणून आधी हेल्मेट मापाचं हवं; मान जोरात हलवल्यावर ते कवटीवर सरकता कामा नये. आणि पॅराशूट उघडताना मान सरळ ठेवा, खांद्यावरून मागे वळून बघू नका.

दोरीचा प्रश्न. कॅमेरा पडू नये म्हणून दुसऱ्या खेळांत दोरी बांधतात, ते तिथे योग्यच आहे. इथे मोकळा फास म्हणजे लाइनला आयतं आमंत्रण. बांधायचीच तर बोटाच्या पेराएवढी आखूड आणि पूर्ण टेपखाली दाबलेली, म्हणजे दोरीच्या परीक्षेत ती सापडताच कामा नये. कॅमेरा खाली पडण्याची काळजी मात्र खरी आहे. १३,००० फुटांवरून सुटलेला कॅमेरा खाली कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक उडीआधी माउंट हाताने हलवून बघणं आणि विमानात जोडीदाराकडून पुन्हा तपासून घेणं.

मोकळ्या वस्तूंबद्दल हा खेळ किती कडक आहे ते पाहायचं तर पुण्याच्या स्कायडायव्हर शीतल महाजन आठवा. २०१८ मध्ये त्यांनी थायलंडच्या पटायाला नऊवारी नेसून उडी मारली. एवढं कापड अंगावर असताना एकही पदर हँडलवर येऊ न देणं, हे त्या उडीतलं खरं कसब आहे.

एवढं करूनही लाइन अडकली तर? म्हणूनच हेल्मेटला कटअवे हवा, म्हणजे एका हाताने, एका ओढीत हेल्मेट डोक्यावरून सुटलं पाहिजे. खराब उघडलेल्या पॅराशूटची लाइन हेल्मेटला अडकली असेल आणि तुम्ही आधी मेन (मुख्य पॅराशूट) सोडलंत, तर सगळं मेन तुमच्या मानेला लटकतं. म्हणून उंची असेल तर आधी हेल्मेट सोडायचं, मग मेन, मग रिझर्व्ह. ए लायसन्सवाल्याने मेन सोडण्याचा निर्णय २,५०० फुटांपर्यंत घेतलाच पाहिजे, त्यामुळे विचार करायला सेकंद फार थोडे असतात. हा क्रम तुमच्या प्रशिक्षकासोबत हार्नेसमध्ये लटकून, हातमोजे घालून, डोळे मिटून, दोन्ही हातांनी करून बघा. तुमच्या फुल-फेसची पट्टी हातमोज्यात उघडत नसेल तर त्या हेल्मेटवर कॅमेरा लावूच नका.

आता कॅमेरा जपण्याबद्दल, ते तुलनेने सोपं आहे. वर जाताना दर हजार फुटांना तापमान साधारण २ अंशांनी उतरतं, म्हणजे दुबईत खाली ३० असेल तर वर विमानाच्या दाराशी ५ च्या आसपास. बॅटरी पूर्ण भरलेली ठेवा आणि दुसरी अंगाजवळच्या खिशात. थंड काच दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते, समुद्राकाठी जास्तच. एसी गाडीतून काढून लगेच विमानात चढू नका. अर्धा तास आधी कॅमेरा बाहेर ठेवा. हिरो ११ ची पुढची काच वेगळी निघते, तेव्हा एक जादा काच बॅगेत असू द्या. उतरताना काचेचा विचार करू नका, पायांचा करा. लँडिंग बिघडलं तर पीएलएफ (पाय जोडून, अंग लोळवत पडणं) करा, कॅमेरा वाचवायला मान वाकडी केलीत तर मानच जाईल. काच सर्वाधिक फुटते ती पॅकिंगच्या जागेत, हेल्मेट जमिनीवर उलटं ठेवल्याने. आणि टेकऑफला हेल्मेट डोक्यावर किंवा बेल्टला अडकवलेलं हवं, मांडीवर मोकळं नको.

रेकॉर्डिंग दार उघडण्याआधी सुरू करा, लाल दिवा जोडीदाराला बघायला सांगा आणि मग पॅराशूट उघडून, लाइन्स तपासून होईपर्यंत हात हेल्मेटकडे नेऊ नका. बटण दाबलं गेलं नसेल तर ती उडी बिनव्हिडिओची, एवढंच. हेल्मेटमधल्या ऑडिबल (बीप देऊन उंची सांगणाऱ्या) अल्टिमीटरचा खिसा माउंटच्या पट्टीने दाबला जात नाही ना तेही बघा. ती बीप वाऱ्यात ऐकू यायलाच हवी.

२०० झाल्यावर कॅमेऱ्याची पहिली उडी एकट्याने किंवा एका ओळखीच्या जोडीदारासोबत करा, नेहमीच्याच उंचीवर उघडा आणि त्या दिवशी कुणाचं चित्रीकरण करायचं कबूल करू नका. कॅमेरा बंद ठेवून उडालात तरी चालेल. हेल्मेट वाऱ्यात कसं वागतं, मान कुठे ओढली जाते, रायझर कुठून जातात, एवढंच त्या उडीत बघायचं. माउंट लावल्यावर दोरीची परीक्षा करून फोटो टाकलेत तर मी नक्की बघून सांगेन.