टॉवर की बुकशेल्फ हे नंतर बघू, आधी आईंची खुर्ची कुठे आहे ते सांगा

तुमचा प्रश्न असा: इंदूरला नवीन फ्लॅट, १४ बाय १४ चा हॉल, उंची १० फूट, होम थिएटरच्या स्पीकर्ससाठी पाच लाख बाजूला ठेवलेत, तर पुढे टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर) घ्यावेत की बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे), आणि कोणत्या कंपनीचे. इथपर्यंत ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, "आईला तसंही नीट ऐकू येत नाही, तिच्या बसण्याच्या जागेचा विचार नाही केला तरी चालेल." त्या एका ओळीमुळे मी लिहायला बसले.

आम्हीही इंदूरचेच, राजेंद्र नगरला राहतो. माझ्या सासऱ्यांबद्दल आमच्या घरात हेच वाक्य दोन वर्षं बोललं गेलं, आणि ते बोलणाऱ्यांत मीही होते.

२०१९ च्या दिवाळीत धाकट्या भाऊजींनी पुण्याहून सगळी सिस्टिम आणवली. त्यांना यातलं कळतं असं घरात सर्वांचं मत. छातीपर्यंत येतील असे दोन टॉवर, मागे दोन छोटे, बेससाठी एक सबवूफर, आणि त्यासोबत दुकानदाराने जवळजवळ फुकटात दिलेला एक सेंटर, म्हणजे टीव्हीपाशी ठेवायचा तो स्पीकर ज्यातून बहुतेक संवाद येतात. चपटा, लांबट, मध्ये वरच्या पट्टीचा छोटा ट्विटर आणि दोन्ही बाजूंना खालच्या-मधल्या पट्टीचा एकेक वूफर. बाजारात बहुतेक सेंटर असेच मिळतात. सुताराने टीव्ही युनिटमध्ये त्याच्या मापाचा खण केला आणि स्पीकर वीतभर आत सरकवून दिला. "मॅडम, सब यहीं लगाते हैं." आमचा हॉल १२ बाय १८ चा. टीव्ही लांबीच्या भिंतीवर, समोर सोफा, आणि खिडकीपाशी बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, आरामखुर्ची. ती खुर्ची तीस वर्षं तिथेच आहे, ती हलवायचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या आठवड्यापासून बाबा विचारू लागले, "काय म्हणाला तो?" आम्ही आवाज वाढवला. मग गोळीबार आणि पार्श्वसंगीत इतकं अंगावर यायचं की तेच म्हणायचे, कमी करा. सोफ्यावर बसलेल्या आम्हा चौघांना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, तेव्हा दोष बाबांच्या कानांचा, हे आम्ही ठरवून टाकलं. कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वरच्या पट्टीत थोडं कमी आहे, वयाच्या मानाने ठीक आहे, असं ते म्हणाले. तरी आम्ही ६८ हजारांचं कानाचं मशीन घेतलं. बाबा ते आमच्या समाधानापुरतं लावायचे आणि आम्ही उठलो की काढून डबीत ठेवायचे.

आणि हेच बाबा 'सानंद' या इथल्या मराठी संस्थेच्या प्रत्येक नाटकाला खंडवा रोडवरच्या विद्यापीठ सभागृहात जाऊन बसायचे आणि परत येऊन अख्खा अंक संवादांसकट सांगायचे. एकदा जेवताना ते हळूच म्हणाले, "तिथे मला ऐकू येतं गं." मी म्हटलं, "तिथे मोठ्याने बोलतात, बाबा." हे माझं उत्तर मला आजही टोचतं. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, आणि ते काय सांगताहेत हे मला कळायला हवं होतं.

कळलं ते असं. बाबा नणंदेकडे उज्जैनला गेले होते. एका संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीत बसून बातम्या लावल्या. निवेदिकेचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. उठून सोफ्यावर गेले, स्वच्छ. परत खुर्चीत, परत डबा. मग रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या) सेटिंगमध्ये जाऊन फक्त सेंटरवर टेस्ट टोन लावला, तो पावसासारखा एकसुरी खस्स आवाज असतो तो, आणि सोफ्यापासून खिडकीकडे पावला-पावलाने चालत गेले. दोन-तीन पावलांतच आवाजाचा रंग बदलायला लागला. मधला भाग हळूहळू विरत गेला आणि खुर्चीपाशी पोचेपर्यंत पोकळ झाला.

मी टेप आणली. दोन वूफरच्या केंद्रांमधलं अंतर २४ सेंटिमीटर. बाबांची खुर्ची मधल्या रेषेपासून साधारण ३५ अंशांवर. म्हणजे एका वूफरचा आवाज दुसऱ्यापेक्षा जवळजवळ १४ सेंटिमीटर जास्त चालून खुर्चीपाशी पोचतो. ज्या लहरीची लांबी याच्या दुप्पट, तिथे एकाचं शिखर दुसऱ्याच्या दरीवर बसतं आणि दोघं एकमेकांना खोडतात. ती कंप्रता निघाली १२५० हर्ट्झच्या आसपास. माणसाच्या बोलण्यातले स्वर ओळखायला लागणारा तो ऐन भाग. हा यंगचा डबल स्लिटचा प्रयोग आहे, दोन फटींतून आलेला प्रकाश पडद्यावर उजळ आणि काळ्या पट्ट्या पाडतो तो, मी तो दरवर्षी फळ्यावर काढते. माझ्या हॉलमध्ये तोच चालू होता आणि काळ्या पट्टीवर बाबांची खुर्ची होती.

त्यात भर सुताराच्या खणाची. खोक्याच्या कडांवर आवाज आपटतो, खालच्या पट्टीतली घरघर वाढते. ट्विटर गुडघ्याच्या उंचीवर, त्याच्या पुढे काचेचा टीपॉय. स, श, त, फ ही व्यंजनं कळतात ती वरच्या पट्टीतल्या आवाजावर, आणि तो आवाज सरळ रेषेत जातो. आमच्याकडे तो कानाऐवजी टीपॉयवर जात होता. वयाने बाबांचा जो थोडा भाग गेला होता तोही नेमका तिथलाच. म्हणजे जे त्यांना ऐकू येऊ शकत होतं तेही आम्ही काढून घेतलं होतं.

त्या रात्री मी सेंटर खणातून ओढून काढला आणि एका स्टुलावर उभा ठेवला, वूफर एकावर एक येतील असा. उभा केला की तुम्ही डावी-उजवीकडे कुठेही बसा, दोन्ही वूफर तुमच्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहतात. खुर्चीत बसले. आवाज भरून आला.

बाबा परत आल्यावर मी काहीच सांगितलं नाही. त्यांच्या आवडीच्या एका जुन्या नाटकाचं रेकॉर्डिंग लावून दिलं. वीसेक मिनिटांनी त्यांनी रिमोट उचलला आणि आवाज ६२ वरून ४८ वर आणला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून आवाज कमी केला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

भाऊजींना फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, सेंटर सगळे सारखेच असतात हो. पैसा टॉवरमध्ये दिसतो." गणपतीत आले तेव्हा जुना सेंटर आडवा ठेवून त्यांना बाबांच्या खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, रेकॉर्डिंगच तसं असेल. मी तेच रेकॉर्डिंग सेंटर उभा करून पुन्हा ऐकवलं. ते चहा घ्यायला उठले. हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, आणि माझं म्हणणं मी कुठेही मांडायला तयार आहे: ज्या सिस्टिमवर घरातल्या एका माणसाला संवाद कळत नाहीत ती सिस्टिम महाग असेल, उत्तम नाही.

आता तुमचं. चौरस हॉल हा सगळ्यात अवघड. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, त्यात पहिली स्थिर लहर (समोरासमोरच्या भिंतींवर आपटून जागच्या जागी घुमणारी) ४० हर्ट्झच्या आसपास उभी राहते, आणि तुमच्याकडे लांबी-रुंदी सारखी असल्याने ती दोन्ही दिशांना एकाच कंप्रतेवर. कोपऱ्यांत घुमेल आणि हॉलच्या बरोबर मध्यावर बेस गायब. टॉवर घेऊन हे सुटत नाही, कारण टॉवरची जागा स्टिरिओच्या हिशोबाने ठरते, खोलीच्या बेसच्या हिशोबाने नाही. म्हणून चांगले बुकशेल्फ घ्या, रिसीव्हरमध्ये 'स्मॉल' करा म्हणजे त्यांच्याकडे बेस जाणार नाही, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती कंप्रता) ८० हर्ट्झ ठेवा, आणि खालचं सगळं दोन सबवूफरना द्या, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम. ८० च्या खाली आवाज कुठून येतोय हे कानाला फारसं कळत नाही, त्यामुळे सब कुठे आहेत हे जाणवणार नाही.

पुढचे तिन्ही एकाच मॉडेलचे घ्या, सेंटरसुद्धा, आणि तो उभा ठेवा. आम्ही शेवटी तेच केलं. टॉवर विकले, सुताराला बोलावून खण कापून काढला, टीव्ही थोडा वर घेतला. आडवाच सेंटर हवा असेल तर निदान थ्री-वे घ्या, ज्यात मध्ये मधल्या पट्टीसाठी वेगळा छोटा मिडरेंज आणि त्याच्या वर ट्विटर असतो. नाहीतर ज्यात ट्विटर स्पीकरच्या शंकूच्या पोटात बसवलेला असतो असा, केईएफ कंपनीचं यूनी-क्यू १९८८ पासून तसंच आहे. स्पीकर खणाच्या पुढच्या कडेपर्यंत येऊ द्या, तोंड कानाकडे वळवा.

कंपनीवरून भांडू नका. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये स्पीकर पडद्याआड ठेवून वर्षानुवर्षं लोकांना ऐकवले. नाव-रूप दिसेनासं झालं की बहुतेकांची पसंती एकाच प्रकाराकडे झुकते: समोरून सपाट आणि बाजूंनीही सुरळीत उतरत जाणारा आवाज. स्पीकरचा आवाज समोरून आणि बाजूंनी कसा आहे ते दाखवणारे आलेख आता 'स्पिनोरामा' नावाने बऱ्याच मॉडेल्सचे मिळतात, घेण्याआधी बघा. डेमोला गेलात तर दोन्ही जोड्यांचा आवाज समान करून घ्या, जरासा मोठा असलेला कानाला हमखास चांगला वाटतो. गाणी-मारामारी सोडा, दोन माणसं कुजबुजताहेत असा प्रसंग लावा. आणि सोफा सोडून बाजूच्या खुर्चीत बसून ऐका.

खाली गालिचा, खिडकीला जाड पडदा हे स्पीकरच्याही आधी. विट्रिफाइड टाइल आणि काच यांच्यामध्ये काहीच चांगलं वाजत नाही. टाळी वाजवून बघा, मागे घुमत राहणारी शेपटी ऐकू येईल.

दोन गोष्टी मागाहून. हॉल फार मोठा असेल, किंवा सबशिवाय नुसतं संगीत ऐकायचं असेल, तर टॉवरला अर्थ आहे, तेवढं भाऊजींचं मान्य. आणि आईंचे कान तपासून घ्याच. वयाने ऐकू कमी होतं हे खरंच आहे, बाबांनाही झालं, आणि आता ते मशीन आपणहून लावतात. फक्त तपासणीच्या आधी निकाल लावू नका.

टीव्ही कुठल्या भिंतीवर येणार, आणि आईंची खुर्ची मधल्या रेषेपासून किती फूट बाजूला आणि त्या टीव्हीच्या भिंतीपासून किती फूट लांब असेल ते मोजून लिहा. तुम्ही जो सेंटर बघून ठेवला आहे त्याच्या दोन वूफरमधलं अंतरही द्या. त्यांच्या जागेवर कुठला आवाज खोडला जाईल तो आकडा मी काढून देते.