वडिलांच्या डोळ्यात स्टेरॉइडचं इम्प्लांट टाकायचं म्हणतात, साखर वाढेल का?

दादा, वडिलांना जुना मधुमेह आहे, पडद्यावरची सूज इंजेक्शनं देऊनही परत येते आणि आता डॉक्टरांनी इम्प्लांट सुचवल्यावर 'स्टेरॉइड' ऐकूनच घरचे घाबरलेत, असं तुम्ही लिहिलंय. मी जळगावात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासणारा आहे. डोळ्यांचं प्रेशर मोजणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे बोलणंही जास्त त्यावरच होईल.

साखरेची काळजी सोडा. डॉक्टर बहुतेक ओझुर्डेक्स म्हणत असतील. त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं, तेही फक्त 0.7 मिलिग्रॅम. शेवईच्या बारीक तुकड्यासारखी ती कांडी, जेमतेम 6 मिलिमीटर लांब. डोळा बधिर करून सुईने आत सोडतात. तिथे ती हळूहळू विरघळते, काढावी लागत नाही. औषध डोळ्यातच राहतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा सांध्यातलं इंजेक्शन घेतल्यावर साखर चढते, तसं इथे होत नाही.

अव्हॅस्टिन, ल्युसेंटिस ही सुजेवरची नेहमीची इंजेक्शनं सुरुवातीला साधारण दर महिन्याला लागतात. रावेर-यावलकडून म्हाताऱ्या माणसाला दर महिन्याला घेऊन यायचं म्हणजे सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. कांडीचा असर तीन-चार महिने टिकतो, म्हणून अशा घरांना ती सोयीची पडते. पडद्याचं ऑपरेशन होऊन गेलेल्या डोळ्यात साधं इंजेक्शन लवकर निघून जातं, तिथेही हीच बरी.

खरी भीती आहे ती प्रेशरची. ते साधारण सहा ते आठ आठवड्यांनी सगळ्यात जास्त चढतं. नेमकं तेव्हाच नजर सुधारलेली असते, दुखत काहीच नसतं, आणि रुग्ण म्हणतो, "आते चांगलं दिखस, मंग कसाले येऊ?" असं म्हणणाऱ्यांचीच मला धास्ती वाटते. वेळेत सापडलं तर बहुतेकांचं थेंबांवर आटोक्यात येतं, ऑपरेशन क्वचित लागतं. पण न कळता चढून राहिलं तर डोळ्याची नस जाते आणि ती परत येत नाही. म्हणून इम्प्लांटच्या दिवशीच पुढची तारीख घ्या, केळीची काढणी असो की घरात लग्न.

दुसरं म्हणजे मोतीबिंदू. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नसेल तर तो लवकर पिकेल. मधुमेहाच्या रुग्णांवर तीन वर्षं चाललेल्या अभ्यासात, नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यांपैकी सुमारे 68 टक्क्यांत मोतीबिंदूची तक्रार निघाली. म्हणजे ते ऑपरेशन आज ना उद्या येणार हे धरून चला. आधीच झालं असेल तर ही चिंता उरत नाही, पण भिंगाची मागची पिशवी शाबूत आहे ना, हे विचाराच. ती फाटलेली असेल तर कांडी पुढे सरकून बुबुळाचं नुकसान करू शकते.

काचबिंदू पुढे गेलेला असेल किंवा डोळ्यात जंतुसंसर्ग असेल तर हे इम्प्लांट टाकत नाहीत. टाकल्यावर थोडी लाली, टोचणं एक-दोन दिवस चालतं. पण दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होऊन नजर धूसर झाली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.