उंची पाच फूट असेल तर लेयरवाला, जमिनीपर्यंतचा अनारकली घालावा का? मे महिन्यात गोव्यात मावसबहिणीचं लग्न आहे, बुटकी दिसेन का?

घाल की. माझी उंची चार फूट अकरा इंच, त्यामुळे या विषयावर बोलायचा अधिकार मला आहे आणि माझ्या नणंदेला नाही, ती पाच फूट पाच आहे.

अकरा वर्षांपूर्वी दिराचं लग्न होतं, फोंड्याकडच्या एका देवळात, महिना मेच. लग्नाची खरेदी आम्हा गोंयकारांची ठरलेली, बेळगावला. खडेबाजारात पाय दुखेपर्यंत फिरून मी पिस्ता रंगाचा अनारकली घेतला, वर नेट, त्याखाली जॉर्जेट, त्याखाली क्रेपचं अस्तर आणि घेर फुगावा म्हणून सगळ्यात आत कॅनकॅन, म्हणजे कडक जाळीचा थर. नणंद दुकानातच म्हणाली, तुझ्या उंचीला हे शोभायचं नाही, साडी नेस गप. मग तर मी घेतलाच. फिटिंगच्या वेळी टेलरने विचारलं, पायात काय घालणार, मी तीन इंची हिल्स चढवून उभी राहिले, त्याने त्या मापाने खालची पट्टी मारली आणि आरशात मी झकास दिसत होते, खोटं कशाला सांगू.

आता इथे गोव्यातली कुठलीही बाई कपाळावर हात मारेल. देवळात चपला बाहेर! हिल्स उतरवल्या आणि अनारकली तीन इंच लांब झाला. बरं, पाय धुवायच्या नळापासून पायऱ्यांपर्यंत फरशी ओलीचिंब, सगळं पाणी खालच्या घेराने टिपून घेतलं, आणि घेर म्हणजे छत्री कट, गोल कापलेला, कमरेपासून चाळीस इंच लांबी आणि वर कमरेची गोलाई धरली तर पूर्ण छत्रीचा खालचा घेर सात मीटर होतो, हिशोब करून बघ. सात मीटर ओलं कापड ओढत मी ओटीचं ताट घेऊन पायऱ्या चढतेय, एक हात मोकळा नाही, तिसऱ्या पायरीवर पुढच्या घेरावर पाय पडला, मी कशीबशी सावरले पण ताटातला नारळ उडाला आणि टण टण करत खाली नवऱ्यामुलाच्या पायापर्यंत गेला. वरून नणंदेचा आवाज, "आगो, देवळांत झाडू मारता काय कितें तूं?"

सगळी वऱ्हाडी मंडळी हसली. भटजीसुद्धा.

तेव्हापासून दर चवथीला फुगडी घालायला बायका जमल्या की तो नारळ निघतोच, आणि शेवट ठरलेला, "बुटक्या बायकांनी असले कपडे घालू नयेत." अगं पण उंचीचा काय संबंध? माप हिल्सवर घेतलं ही चूक! ती पाच फूट पाचची बाई तीन इंच लांब घेर घालून पायऱ्या चढली असती तर तीही पडली असती. हे मी अकरा वर्षं सांगतेय, घरात कुणी ऐकत नाही म्हणून इथे लिहितेय.

तर माप अनवाणी घे, आणि घोट्याच्या वर दोन बोटं ठेव. घोटा दिसला की बुटकं दिसतं म्हणणाऱ्यांनी आपली कुणबी साडी बघावी, चौकटीची, पोटरीपर्यंत, खांद्यावर गाठ, चिखलात भात लावायला सोयीची, तीच आपल्या गोव्याच्या डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने फॅशनच्या रॅम्पवर नेली. तिथे कुणी बुटकं दिसलं नाही.

कापडाचं म्हणशील तर बाजारातलं स्वस्त जॉर्जेट बहुतेक पॉलिएस्टर असतं, घाम शोषत नाही, आणि मे महिन्यात गोव्यात क्रेपचं अस्तर पायाला असं चिकटतं की चालताना सोलून काढावं लागतं. अस्तर मलमलचंच लाव. वरचा थर चंदेरी चालेल, व्हिस्कोस जॉर्जेट चालेल (शिवायच्या आधी भिजवून घे, आटतं). कॅनकॅन नको. चुण्यांपेक्षा कळ्या (वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या) बऱ्या, चुण्या कमरेवरच जाड होतात, कळ्या कमरेला सपाट बसून खाली उघडतात. सोळा कळ्या, साडेतीन-चार मीटर घेर आपल्या उंचीला भरपूर झाला. छत्री कटच हवा असेल तर टेलरला सांग की कापड एक रात्र टांगून ठेव आणि मग खालची पट्टी मार, उरेब (तिरका कापलेला) भाग लोंबतो आणि नंतर एक बाजू खाली एक वर दिसते.

जॅकेट घालणार असशील तर आतलं सगळं एकाच रंगाचं घे, खांद्यापासून पायापर्यंत, वेगळा रंग फक्त जॅकेटला. जॅकेट कमरेपर्यंत तरी असावं नाहीतर गुडघ्याखाली, मांडीच्या मध्यावर संपणारं घेऊ नकोस, तिथे मात्र आपण खरंच अर्ध्या होतो. ओढणी एका खांद्यावर पिन करून सोड, दोन्हीकडून घेतलीस तर समयांजवळ जपून.

आता नणंदेचा एक मुद्दा मान्य करायला हवा, तिला सांगणार नाही पण इथे लिहिते. साडी अनवाणी झाल्यावर दोन इंच वर खोचता येते, शिवलेल्या कपड्याला ते सुख नाही. आणि तुमचं लग्न देवळात नसून हॉलमध्ये असेल, चपला काढायच्याच नसतील, तर वरचं मापाचं सगळं सोडून दे आणि खुशाल हिल्सवर माप घे. देवळात की हॉलमध्ये ते तू लिहिलंच नाहीस.