हरकत दिली होती का, तेवढं आधी सांगा

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावातून पत्र आलंय. ग्रामपंचायतीच्या वॉर्डांची नवीन रचना झाली, त्यात त्यांची गल्ली मधोमध तोडून अर्धी घरं रस्त्यापलीकडच्या वॉर्डात गेली. त्यांच्या वॉर्डात 1240 लोक आणि सदस्य दोन, शेजारच्या वॉर्डात 780 लोक आणि तिथंही दोनच. कच्चा मसुदा पंचायतीच्या फलकावर लागला होता, पण सगळा कन्नडमध्ये, म्हणून कुणी नीट वाचला नाही. आमदारांना निवेदन दिलं, ग्रुपवर फोटो टाकले, आणि आता वॉर्डांच्या रचनेची पक्की अधिसूचना निघाल्यावर विचारतात की हायकोर्टात जावं का, नाहीतर मतदानावर बहिष्कार टाकावा का. खानापूर, निपाणीकडूनही असंच विचारणारे आहेत म्हणून सगळ्यांसाठीच लिहितो.

दादा, अन्याय झालाय का यावर मी फार वेळ घालवत नाही. तुमच्याकडं 620 माणसांमागं एक सदस्य, तिकडं 390 मागं एक, आणि घटनेचं कलम 243-सी सांगतं की लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण सगळ्या पंचायत क्षेत्रात शक्यतो सारखं पाहिजे. ‘शक्यतो’ हा शब्द आहे तिथं, त्यामुळं दहा-वीस माणसांच्या फरकाला कोर्ट हातही लावणार नाही, पण तुमचा फरक मोठा आहे. फक्त एक बघा, हे 1240 कुठून आणलेत? मतदार यादी मोजून आणले असतील तर उपयोग नाही, कायद्यात लोकसंख्या म्हणजे शेवटच्या छापून आलेल्या जनगणनेची, म्हणजे अजून 2011 चीच. गावात नवीन लेआऊट पडले, माणसं दुप्पट झाली, हे खरं असलं तरी ते आत्ता धरत नाहीत. आणि दर 400 लोकांमागं एक सदस्य हे गणित अख्ख्या पंचायतीच्या जागा ठरवण्याचं आहे, ते एकेका वॉर्डाला जसंच्या तसं लावून भांडू नका.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यावर तुमचं सगळं अवलंबून आहे. कलम 243-ओ म्हणतं की मतदारसंघांच्या रचनेचा कायदा कोर्टात आव्हानाला घेता येत नाही आणि निवडणुकीला आव्हान द्यायचं तर फक्त इलेक्शन पिटिशननं, म्हणजे निकालानंतर करायच्या निवडणूक याचिकेनं. 1995 मध्ये उत्तर प्रदेशच्या पंचायतींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं याच्यात एक लहान दार उघडं ठेवलं, की रचना पक्की करण्याआधी हरकती मागवल्याच नाहीत किंवा सुनावणीच दिली नाही तर तेवढ्या कारणावर कोर्टात येता येईल, आणि तेसुद्धा निवडणुकीची अधिसूचना निघायच्या आत. एकदा ती निघाली की हे दारही बंद. 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं असंही म्हटलंय की परिसीमनाचा, म्हणजे मतदारसंघांच्या हद्दी ठरवण्याचा आदेश उघड मनमानी असेल तर हायकोर्ट तपासू शकतं, ते आपण याचिकेत लिहू, पण एकट्या त्याच्यावर मी विसंबणार नाही.

म्हणून मला तुमच्या गल्लीचा नकाशा नको, मला हे सांगा की दिलेल्या मुदतीत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला किंवा तहसीलदार कचेरीला गावातल्या एका तरी माणसानं लेखी हरकत दिली होती का आणि त्याची पोच आहे का. तुमच्या पत्रात आमदार आहेत, माजी पंच आहेत, ग्रुप आहे, पण हरकत कुठंच नाही! मसुदा फलकावर होता, गावात कन्नड वाचणारी पोरं घरोघरी आहेत, शाळेतच शिकतात की सगळी, एकाला बोलावून वाचून घ्यायला काय अडचण होती? मला याचा खरंच त्रास होतो कारण दर वेळी हेच होतं, मुदत असताना निवेदन पुढाऱ्याला आणि मुदत संपल्यावर कागद वकिलाला. आमदारांना दिलेल्या निवेदनाला या कामात काही किंमत नाही, त्यांच्याकडून ते मुदतीत डीसींकडं गेलं असेल आणि तिथला इनवर्ड (आवक) नंबर असेल तरच थोडा आधार.

कन्नडमध्येच मसुदा लागला हे कारण चालेल का? एकट्यानं चालेल असं वाटत नाही. 15 टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असतील तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्याव्यात असं 1961 पासून ठरलेलं आहे, ते आपण मांडू, मांडलंच पाहिजे, पण कोर्ट विचारणार की समजलं नाही म्हणून तुम्ही मुदतीत काय केलंत. उलट बाजू मात्र पक्की आहे, कलम 350 प्रमाणे तक्रारीचा अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो, तेव्हा गावात कुणी साध्या मराठीत हरकत दिली असेल आणि ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत पाठवली असेल किंवा बाजूला टाकली असेल तर तो माणूस आपल्याला पाहिजे, याचिका त्याच्याच नावानं करू. तो शोधा. पलीकडच्या वॉर्डातला असला, तुमच्याशी बोलत नसला तरी त्याच्या दारात जा.

तोवर मसुदा, पक्की अधिसूचना आणि 2011 चे आकडे यांच्या सर्टिफाइड कॉपीसाठी डीसी ऑफिसला अर्ज करा, आणि हरकतींचं रजिस्टर, सुनावणीची तारीख आणि शेरे यासाठी माहिती अधिकारात वेगळा. त्याला 30 दिवस घेतील म्हणून त्याच्यावर थांबून राहू नका, पीडीओकडं (पंचायत विकास अधिकाऱ्याकडं) मसुदा कुठल्या दिवशी लावला त्याची नोंद असणार, ती आधी बघा. मसुदा फलकावर एक-दोन दिवसच होता आणि मुदतीच्या आत काढला, किंवा लागल्याची नोंदच नाही, असं निघालं तर हरकत न देताही तुमची बाजू बरीच भक्कम होते. तुम्ही स्वतः ‘लागला होता’ म्हणता, पण किती दिवस ते लिहिलेलं नाही.

धारवाड खंडपीठात जायचं तर याच आठवड्यात. याचिका दाखल केली म्हणजे स्टे मिळाला असं नाही, नोटीस निघते, सरकारी वकील वेळ मागतात, तारीख पडते, आणि दोन तारखांच्या मधे निवडणूक जाहीर झाली की तुमचं म्हणणं खरं होतं का खोटं हे कुणी बघतच नाही, याचिका निकाली निघते. हे मला पटत नाही, मुदतीच्या विषयातल्या केसेस रोजच्या रोज चालवायला पाहिजेत, पण आज परिस्थिती ही आहे. 2004 चा सीमाप्रश्नाचा दावा अजून सुप्रीम कोर्टात आहे, तारखांवर किती भरवसा ठेवायचा ते आपल्या भागाला माहीत आहे.

निवडणूक झाल्यावर इलेक्शन पिटिशन करू असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ती निकालानंतर 30 दिवसांत करायची असते आणि तिच्यात उमेदवाराची अपात्रता, गैरप्रकार, चुकीची मोजणी असले विषय येतात, वॉर्डाची हद्द त्यातून बदलून मिळेल असं मला दिसत नाही. बहिष्कारानं तर काहीच होणार नाही, हद्द तीच राहते आणि चार मतांवर कुणीतरी निवडून येतो.

गावात काही जण जिल्हा आणि तालुका पंचायतीच्या रचनेबद्दलही बोलतात असं लिहिलंय. त्यांची शेवटची निवडणूक 2016 ची, सदस्यांची मुदत 2021 ला संपली. ते मतदारसंघ वेगळे, त्यांचा मसुदा वेगळा, हरकतीची मुदतही वेगळी, तेव्हा या याचिकेत ते घालू नका. मात्र तो मसुदा आला की मराठीत हरकत, सोबत कन्नड भाषांतर, दोन प्रती, एकीवर सही-शिक्का आणि तारीख घेऊन या, आणि ती शिक्क्याची प्रत कुठल्याच पुढाऱ्याकडं द्यायची नाही, मागितली तर झेरॉक्स द्या.